श्रुती आणि श्रवण : शार्ङ्गदेवाच्या बावीस तारांचा अंतःकर्णविषयक संशोधनाच्या प्रकाशात विचार

सारांश :
तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात रचल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात बावीस श्रुतींची सिद्धी दोन वीणांच्या साहाय्याने आणि केवळ कानाच्या साक्षीने करून दाखविली आहे. मानवी कान दोन नादांमधील भेद कोठवर ओळखू शकतो, हा या प्रयोगाच्या मुळाशी असलेला प्रश्न आजच्या श्रवणविज्ञानाचाही मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात अंतःकर्णाची रचना व कार्य यांविषयीच्या संशोधनाचा आढावा घेऊन त्या आधारे श्रुतिसंकल्पनेचा अर्थ तपासला आहे. तसेच हे सूक्ष्म श्रवणसामर्थ्य कशाने नष्ट होते, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : श्रुती, सारणा, अंतःकर्ण, कोक्लिया, केशपेशी, तारता, ध्वनिप्रदूषण.

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर असलेला देवगिरीचा किल्ला यादवांची राजधानी म्हणून सर्वपरिचित आहे. याच राजधानीत, सिंघण राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. १२१० ते १२४७ च्या सुमारास, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता आणि वैद्यकाचाही जाणकार होता. संगीताच्या ग्रंथाचा आरंभ करताना पहिल्याच अध्यायात गर्भाची उत्पत्ती आणि मानवी शरीराची रचना यांवर स्वतंत्र प्रकरण लिहावे, हे त्याच्या वैद्यकीय दृष्टीचेच द्योतक होय. नाद शरीरातून उत्पन्न होतो, म्हणून आधी शरीर समजून घ्यावे, ही त्याची भूमिका आहे.

या ग्रंथाविषयी आज दोन टोकांची मते आढळतात. एका मतानुसार आधुनिक विज्ञानाने सांगितलेले सर्व काही आपल्या पूर्वसूरींना आधीच ज्ञात होते. दुसऱ्या मतानुसार असे ग्रंथ केवळ ऐतिहासिक कुतूहलाचे विषय असून विज्ञानाशी त्यांचा संबंध नाही. ही दोन्ही मते अभ्यासाचे श्रम वाचविणारी आहेत. शार्ङ्गदेवाने कोणता प्रश्न विचारला, त्यासाठी कोणती पद्धत वापरली आणि त्याच प्रश्नाचे आज मिळणारे उत्तर कोणते, असा क्रम ठेवल्यास दोन्ही बाजूंचे अधिक न्याय्य आकलन होते. प्रस्तुत लेखात हाच क्रम स्वीकारला आहे.

१. शार्ङ्गदेवाचा प्रयोग :
श्रुती म्हणजे जी ऐकू येते ती. एका सप्तकात अशा बावीस श्रुती मानण्याची परंपरा भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत मागे जाते. शार्ङ्गदेवाने ही परंपरा स्वीकारली, परंतु ती प्रत्ययास आणून देण्यासाठी प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणांची योजना केली. पहिली तार शक्य तितक्या खालच्या नादात लावावी, दुसरी तिच्याहून किंचित उंच लावावी आणि या दोन तारांच्या दरम्यान तिसरा नाद मावू नये, असा त्याचा दंडक आहे. याच रीतीने बावीस तारा लावल्यावर चौथ्या तारेवर षड्ज, सातव्या तारेवर ऋषभ, नवव्या तारेवर गांधार, तेराव्या तारेवर मध्यम, सतराव्या तारेवर पंचम, विसाव्या तारेवर धैवत आणि बाविसाव्या तारेवर निषाद येतो.

दोन वीणांपैकी एक ध्रुव, म्हणजे स्थिर राहते. दुसरी चल असून ती क्रमाक्रमाने एकेका श्रुतीने उतरविली जाते. या उतरविण्यास सारणा म्हणतात. दुसऱ्या सारणेत चल वीणेचे गांधार व निषाद हे ध्रुव वीणेच्या ऋषभ व धैवतांत मिळून जातात. तिसऱ्या सारणेत ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमांत मिळतात. चौथ्या सारणेत षड्ज, मध्यम व पंचम हे अनुक्रमे निषाद, गांधार व मध्यम यांत लीन होतात.

येथे पद्धतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. एक वीणा स्थिर ठेवून दुसरीत एका वेळी एकच बदल करावयाचा आणि दोन्ही नाद एकरूप झाले की थांबावयाचे, ही तुलनेची पद्धत आहे. नाद एकरूप झाला की नाही याचा निर्णय कोणतेही उपकरण देत नाही. तो कान देतो. म्हणजेच या प्रयोगातील मापनयंत्र मानवी श्रवणेंद्रिय हेच आहे. तेव्हा या यंत्राची अचूकता किती, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो.

नादाच्या शारीरिक उगमाविषयी शार्ङ्गदेव सांगतो की, हृदयात ऊर्ध्व नाडीला जोडलेल्या बावीस तिरप्या नाड्या असून वायूच्या आघाताने त्यांतून उत्तरोत्तर उंच नाद निघतात. कंठात आणि मस्तकातही अशीच रचना तो मानतो. शरीरविच्छेदनाच्या आधारे पाहता अशा नाड्या अस्तित्वात नाहीत, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. मात्र मंद्र, मध्य व तार या स्थानांतील नाद उत्तरोत्तर दुप्पट होतो, हे त्याचे विधान आजच्या भाषेतही टिकते, कारण सप्तक बदलले की वारंवारता दुप्पट होते.

२. अंतःकर्णाची रचना :
बाह्यकर्णातून आलेल्या ध्वनिलहरी कर्णपटलावर आदळतात. तेथून हातोडी, ऐरण व रिकीब या तीन इवल्या अस्थींद्वारे ती कंपने अंतःकर्णाच्या खिडकीपर्यंत पोहोचतात. कर्णपटलाचे क्षेत्रफळ या खिडकीच्या सुमारे १७ पट आहे. त्यात अस्थींच्या तरफेची भर पडून दाब सुमारे वीस पटींनी वाढतो. ही वाढ नसती, तर हवेतील बहुतेक ध्वनिऊर्जा अंतःकर्णातील द्रवावर आपटून परत फिरली असती.

अंतःकर्णाचा श्रवणाशी संबंधित भाग म्हणजे कोक्लिया. गोगलगायीच्या शंखाप्रमाणे सुमारे अडीच वेढे घेतलेली ही नलिका उलगडली असता जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. तिच्या लांबीभर बेसिलर पटल नावाचा पडदा असून त्यावर केशपेशी रांगेने उभ्या असतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आल्फोन्सो कोर्ती याने १८५१ मध्ये या रचनेचे वर्णन केले. आतल्या बाजूच्या एका रांगेत सुमारे ३,५०० केशपेशी आणि बाहेरच्या बहुधा तीन रांगांत सुमारे १२,००० केशपेशी असतात. मेंदूकडे जाणारे सुमारे ३०,००० श्रवणतंतू प्रामुख्याने आतल्या रांगेशी जोडलेले आहेत. डोळ्याच्या पटलावरील कोट्यवधी प्रकाशग्राही पेशींच्या तुलनेत ही संख्या किती अल्प आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

३. तारतेचा उलगडा : हेल्महोल्ट्झ ते प्रेस्टिन
जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ याने असे प्रतिपादन केले की, बेसिलर पटलाचे आडवे तंतू निरनिराळ्या लांबीच्या तारांप्रमाणे असून प्रत्येक तंतू आपापल्या वारंवारतेला प्रतिसाद देतो. शार्ङ्गदेवाने नादाच्या उत्पत्तीसाठी शरीरात तारांची मांडणी कल्पिली, तर हेल्महोल्ट्झने नादाच्या ग्रहणासाठी. दोघांसमोर तंतुवाद्याचीच प्रतिमा होती, हे साम्य उद्बोधक आहे. परंतु हेल्महोल्ट्झची कल्पना सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येण्याजोगी होती आणि पुढील संशोधकांनी ती तपासली, हा फरकही तितकाच महत्त्वाचा आहे.

हंगेरीच्या टपाल खात्याच्या दूरध्वनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी याने मृत व्यक्तींच्या कानांवर प्रयोग करून दाखविले की, पटलाचे तंतू सुटे कंप पावत नाहीत. पटलावरून एक लाट धावते. उंच नादाची लाट खिडकीजवळच कमाल उंची गाठते, तर खालच्या नादाची लाट शंखाच्या टोकाकडे. या कार्यासाठी त्याला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि बेकेशीला आढळलेल्या लाटेचा माथा इतका पसरट होता की, एवढ्यावरून कानाची सूक्ष्म भेदक्षमता सिद्ध होत नव्हती.

या कोड्याचे उत्तर जिवंत कानात होते. थॉमस गोल्ड याने १९४८ मध्येच सुचविले होते की, कान हा केवळ ग्रहण करणारा अवयव नसून तो स्वतः ऊर्जा खर्च करून कंपने वाढवीत असावा. त्या वेळी या विचाराकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प याने कानातून बाहेर पडणारे क्षीण ध्वनी नोंदवून दाखविले. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल व त्याच्या सहकाऱ्यांनी विद्युतप्रेरणा मिळताच बाहेरच्या केशपेशी आखूड-लांब होतात, हे प्रत्यक्ष दाखविले. २००० मध्ये या हालचालीमागील प्रथिन सापडले. पाश्चात्त्य संगीतातील द्रुत लयीच्या ‘प्रेस्टो’ या संज्ञेवरून त्याला ‘प्रेस्टिन’ असे नाव देण्यात आले.

या संशोधनाचा निष्कर्ष असा की, आतल्या केशपेशी ऐकतात आणि बाहेरच्या केशपेशी ऐकण्यास धार आणतात. क्षीण नादाचे कंपन त्या ४० ते ६० डेसिबलपर्यंत वाढवितात आणि लाटेचा माथा अणकुचीदार करतात. त्यामुळेच शेजारशेजारचे दोन नाद पटलावर वेगळे पडतात. केम्पने नोंदविलेल्या ध्वनींचा उपयोग आज नवजात बालकांच्या श्रवणचाचणीसाठी केला जातो. बाळाला काहीही विचारावे न लागता त्याच्या बाहेरच्या केशपेशी कार्यरत आहेत की नाहीत, हे काही मिनिटांत समजते.

४. श्रुती आणि कानाची भेदक्षमता :
आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सप्तकाचे १२०० समान सूक्ष्म भाग कल्पिले असता त्या प्रत्येकास सेंट म्हणतात. बावीस श्रुती समान मानल्यास एक श्रुती सुमारे ५४.५ सेंट भरते. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी मात्र श्रुती असमान मानून त्या सुमारे २२, ७० व ९० सेंटच्या धरल्या आहेत. षड्ज २४० हर्ट्झचा घेतल्यास या तीन श्रुतींनी अनुक्रमे २४३, २५० व सुमारे २५३ हर्ट्झचे नाद मिळतात. म्हणजे सर्वांत लहान श्रुतीचे अंतर तीन हर्ट्झचे आहे.

प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार या पट्ट्यात सराव असलेल्या श्रोत्यास एक हर्ट्झच्या आसपासचा फरक ओळखता येतो. १००० हर्ट्झजवळ ही मर्यादा दोन ते तीन हर्ट्झ, म्हणजे चार-पाच सेंट असते. याचा अर्थ, सर्वांत लहान श्रुतीदेखील कानाच्या मर्यादेच्या बरीच आत आहे. शार्ङ्गदेवाचा ‘मध्ये तिसरा नाद मावू नये’ हा दंडक शब्दशः घेतला, तर एका सप्तकात बावीस नव्हे, शंभराहून अधिक तारा लावाव्या लागतील.

कोक्लियाच्या रचनेवरूनही हेच दिसते. मध्यम व उंच स्वरांच्या पट्ट्यात एका सप्तकाला पटलाची चार ते पाच मिलिमीटर लांबी मिळते. आतल्या केशपेशी दर मिलिमीटरला सुमारे शंभर धरल्यास सप्तकाच्या वाट्याला चारशे ते पाचशे आणि समान मानलेल्या एका श्रुतीच्या वाट्याला स्थूलमानाने वीस केशपेशी येतात. अंतःकर्णात बावीस कप्पे नाहीत. तेथे एक अखंड पट्टी आहे. श्रुतीची संख्या कानाने ठरविलेली नाही, असाच निष्कर्ष यावरून निघतो.

मग बावीस ही संख्या कोठून आली? याचे उत्तर संवादतत्त्वात शोधावे लागते. ज्या दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते परस्परांचे संवादी, असे शास्त्र सांगते. षड्ज-मध्यम व षड्ज-पंचम या त्या जोड्या होत. षड्ज २४० व पंचम ३६० हर्ट्झचा असल्यास षड्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा दुसरा उपस्वर हे दोन्ही ७२० हर्ट्झवर येतात. मध्यम ३२० हर्ट्झचा असल्यास ९६० हर्ट्झवर असाच मेळ जमतो. बेसिलर पटलावर हे उपस्वर एकाच ठिकाणी पडतात. याउलट फार जवळचे परंतु भिन्न नाद पटलाच्या एकाच भागावर परस्परांशी झगडतात आणि खरखर किंवा डोलणारा नाद उत्पन्न होतो. २४० व २४३ हर्ट्झच्या तारा एकत्र छेडल्यास सेकंदास तीन डोल ऐकू येतात. तारा जुळल्या की ते थांबतात. तंबोरा लावणारा कलावंत ज्या खुणेवर विसंबतो, ती हीच. सारणेतील ‘लीन होणे’ ही क्रियादेखील अशाच प्रकारे कानाला निश्चितपणे कळू शकते.

तात्पर्य, श्रुती ही कानाच्या क्षमतेची शेवटची सीमा नव्हे. संवादाच्या आधारे शोधता येणारी, स्मरणात ठेवता येणारी आणि गळ्यातून पुन्हा काढता येणारी अशी ती संगीतदृष्ट्या सार्थ पायरी आहे. कान कच्चा माल पुरवितो. त्यातून कोणते भेद अर्थपूर्ण मानावयाचे, हे संस्कार व परंपरा ठरवितात. भाषेतही असेच घडते. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद मराठी भाषकाला सहज ऐकू येतो. ज्याच्या भाषेत ‘ळ’ नाही त्याच्या पटलावरही तो भेद उमटतो, परंतु त्याच्या लेखी तो निरर्थक ठरतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा पाठपुरावा विसाव्या शतकाच्या आरंभीही झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यांच्यासह श्रुतिहार्मोनियमचा पुरस्कार केला आणि अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाच्या गळ्यातील स्वर या संशोधनासाठी आधारभूत मानले गेले. तारेच्या लांबीवरून गुणोत्तर काढावयाचे आणि निवाडा तयार कानाने करावयाचा, ही त्यांची रीत शार्ङ्गदेवाच्या पद्धतीशी नाते सांगणारी आहे. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. पद्धतीचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी होत नाही.

५. बावीस विद्युदग्रे : एक बोधप्रद योगायोग
ज्यांच्या केशपेशी निकामी झाल्या आहेत, अशांसाठी कोक्लियात विद्युदग्रांची मालिका बसवून श्रवणतंतूंना थेट उत्तेजन दिले जाते. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया रुजविण्यात मुंबईच्या डॉ. मिलिंद कीर्तने यांचा मोठा वाटा असून त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली. ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क यांच्या संशोधनातून विकसित झालेल्या प्रसिद्ध उपकरणात बावीस विद्युदग्रे असतात. हा आकडा पाहून श्रुतींशी संबंध जोडण्याचा मोह होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात हा निव्वळ योगायोग आहे. ही बावीस विद्युदग्रे सुमारे २०० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे पाचांहून अधिक सप्तकांचा प्रदेश व्यापतात. एका सप्तकाच्या वाट्याला जेमतेम चार येतात. शिवाय विद्युतप्रवाह द्रवात पसरत असल्याने परस्परांपासून खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशा वाहिन्या आठच्या आसपासच राहतात.

याचा परिणाम असा की, हे उपकरण वापरणारी अनेक मुले बोलणे समजू शकतात, शाळेत शिकू शकतात. परंतु स्वरांचे सूक्ष्म भेद बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहतात. ही उपलब्धी थोर आहेच. तथापि निसर्गाने दिलेल्या पंधरा हजार केशपेशींचे मोल काय, हेही तीवरून कळते.

६. नाशवंत सामर्थ्य :
सस्तन प्राण्यांच्या कोक्लियातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा निर्माण होतात, हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले. मानवात मात्र तसे घडत नाही. मोठ्या आवाजाचा पहिला आघात बाहेरच्या केशपेशींवर होतो आणि श्रवणहानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते. बाहेरच्या केशपेशी गेल्या की आवाज क्षीण होतो एवढेच नव्हे, तर पटलावरील लाटेची धारही जाते. श्रवणयंत्र आवाज मोठा करू शकते. गेलेली धार परत आणू शकत नाही. म्हणूनच ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार ज्येष्ठांकडून वारंवार ऐकावयास मिळते.

२००९ मध्ये शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गंभीर बाब उघड केली. मोठ्या आवाजानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत झाली आणि केशपेशी शाबूत राहिल्या, तरी केशपेशी व श्रवणतंतू यांमधील जोड कायमचे तुटलेले असू शकतात. नेहमीच्या श्रवणचाचणीत ही हानी दिसत नाही. मानवात तिचे प्रमाण किती, याविषयी संशोधन सुरू आहे. जनुकोपचाराच्या क्षेत्रात आशादायक प्रगती झाली आहे. ओटोफर्लिन या प्रथिनाच्या अभावी जन्मतः बधिर असलेल्या सहा बालकांपैकी पाच जणांना श्रवणशक्ती लाभल्याचे वृत्त चीनमधील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु तो विशिष्ट जनुकीय दोषावरील उपाय आहे. गोंगाटाने गमावलेल्या केशपेशींवरील नव्हे.

या पार्श्वभूमीवर आपल्या शहराचा विचार करणे अगत्याचे आहे. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती, वाढती वाहतूक, मिरवणुकांतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि तरुणांच्या कानांतील इअरफोन यांचा एकत्रित भार याच पंधरा हजार पेशींवर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांना असुरक्षित श्रवणसवयींमुळे श्रवणहानीचा धोका आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये व न्यायालयांप्रमाणेच शैक्षणिक संस्थांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य शासनाला शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. म्हणजे महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारासमोरील आवाज हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. तो नियमाच्या कक्षेत येणारा विषय आहे.

अध्यापकाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. मागच्या बाकावरील जो विद्यार्थी शांत वर्गात उत्तर देतो आणि पंख्यांच्या व रहदारीच्या आवाजात गप्प राहतो, त्याचे लक्ष नाही असे आपण सहज गृहीत धरतो. बोलणे आणि गोंगाट वेगळे करण्याची त्याची अंतःकर्णातील यंत्रणाच दुबळी झालेली असण्याची शक्यता आहे. त्याला दोष देण्यापूर्वी श्रवणचाचणीचा सल्ला देणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते. प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आरोग्य तपासणीत श्रवणचाचणीचा समावेश करणेही अवघड नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. शार्ङ्गदेवाचा सारणाप्रयोग हा मानवी श्रवणाला मापक मानून केलेला पद्धतशीर तुलनेचा प्रयोग आहे. त्याची शरीररचनेविषयीची कल्पना आज ग्राह्य नसली, तरी त्याची पद्धत अभ्यसनीय आहे.

२. अंतःकर्णाची भेदक्षमता श्रुतीहून कितीतरी सूक्ष्म आहे. बावीस ही संख्या कानाची मर्यादा नसून संवाद, स्मृती व परंपरा यांतून घडलेली सांगीतिक व्यवस्था आहे.

३. या भेदक्षमतेचा आधार असलेल्या केशपेशी संख्येने अल्प व पुन्हा न उगवणाऱ्या आहेत. त्यांचे रक्षण हाच सध्या उपलब्ध असलेला खात्रीचा उपाय होय.

देवगिरीच्या परिसरात ज्या कानाने बावीस तारा जुळविल्या, तोच कान आजही प्रत्येक विद्यार्थ्याला जन्मतः मिळतो. तो पदवीपर्यंत शाबूत राहावा, याची जबाबदारी संगीत, विज्ञान व भाषा अशा सर्वच विभागांच्या अध्यापकांनी वाटून घेतली पाहिजे.